अंतःकरणाची विचारपूस

(देवालयाच्या सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या प्रार्थनासभेंत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या देवालयास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. भिंतींस नवा रंग लागला, वेदीवर नवीं वस्त्रें आलीं, घंटेचा दोर बदलला आणि आंगणांत मंडपाचे बांबूही येऊन पडले. ह्या तयारीसाठीं ज्यांनीं ज्यांनीं घाम गाळिला त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानितों. परंतु प्राचीन इस्राएल लोकांत पन्नासावें वर्ष हें केवळ सणाचें वर्ष नव्हतें. त्या वर्षीं रणशिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी आणि दास झालेल्या माणसानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. तेव्हां आपल्या महोत्सवापुढेंही प्रश्न हाच आहे कीं, ह्या पन्नास वर्षांत आपण एकमेकांस मनाच्या कोणकोणत्या कोठडींत कोंडून ठेविलें आहे, आणि तिची किल्ली कोठें सांपडेल?

ती किल्ली शोधण्यासाठींच आज आम्हीं हा विषय घेतला आहे. आपण जसें वागतों, आणि दुसरा आपल्याशीं जसा वागतो, त्या वागणुकीच्या मागें कोणते विचार व कोणत्या भावना उभ्या असतात, त्या ओळखण्यास आपण शिकावें, एवढाच आजचा आमचा हेतु आहे. विषय मोठ्या ग्रंथांतला वाटेल. पण तो आपल्या ओटीवरचा, बांधावरचा आणि चुलीपुढचा आहे.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमचाच एक अपराध तुम्हांस सांगणें योग्य होईल. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां दुसऱ्या एका धर्मग्रामांत सेवा करीत होतों. तेथें एक गृहस्थ दर रविवारीं मिस्सेला येत, पण देवळांत पाऊल घालीत नसत. बाहेर चिंचेच्या झाडाखालीं ते हात बांधून उभे राहत आणि मिस्सा संपतांच निघून जात. आम्हांस हें खुपूं लागलें. एके रविवारीं प्रवचनाच्या ओघांत आम्ही बोलून गेलों कीं, कांहीं लोकांस देवाच्या शब्दापेक्षां चिंचेची सावली अधिक गोड वाटते. मंडळी हंसली. त्या गृहस्थांनीं एकदां वर पाहिलें आणि ते निघून गेले. पुढच्या रविवारीं चिंचेखालीं कोणी नव्हतें. त्याच्या पुढच्या रविवारींही नव्हतें. असे चार महिने गेले.

मग एके दिवशीं फुलें घेऊन येणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस हळूच सांगितलें, “फादर, तुम्ही इकडे येण्यापूर्वींची गोष्ट आहे. त्याच्या धाकट्या मुलाची शवपेटी ह्याच वेदीपुढें ठेविली होती. तेव्हांपासून तो आंत येऊं शकत नाहीं. तरी बाहेर तरी येत होता.”

आम्ही त्याच दिवशीं त्यांच्या वाडींत गेलों. ते केळींच्या आळ्यांस पाणी लावीत होते. आम्हांस पाहतांच त्यांनीं कुदळ बाजूस ठेविली, बांधावर गोणपाट अंथरलें आणि आम्हांस बसावयास सांगितलें. आम्हीं क्षमा मागितली. ते पुष्कळ वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग इतकेंच म्हणाले, “फादर, तुम्हीं विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें.”

बंधुभगिनींनो, सेमिनरींत आम्हीं तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरविज्ञान शिकलों, परंतु त्या एका वाक्याएवढा मोठा धडा आम्हांस कोणत्याही परीक्षेला नव्हता. आपल्या मराठी भाषेनें विचार करणें आणि विचारणें ह्या दोन्ही क्रिया एकाच शब्दाच्या पोटांत ठेविल्या आहेत. आम्हीं त्यांतली पहिली केली होती, दुसरी केली नव्हती. आम्हीं त्या माणसाविषयीं पुष्कळ विचार केला होता. त्याला मात्र कधीं विचारिलें नव्हतें.

पण एवढ्यावर आमचा धडा संपला नाहीं. घरीं परततांना आम्हीं स्वतःस विचारिलें कीं, आम्हांस इतका राग कां आला होता? प्रथम मनानें उत्तर दिलें, देवाच्या घराचा मान राहिला नाहीं म्हणून. परंतु मनाचें पहिलें उत्तर बहुधा सभ्य कपडे घालून येतें. आणखी खोल पाहिलें तेव्हां आठवलें कीं, त्याच आठवड्यांत आमच्या एका योजनेस धर्मग्रामाच्या सभेंत मंडळींनीं नकार दिला होता. तेव्हांपासून ‘हे लोक आम्हांस मानीत नाहींत’ हा विचार आमच्या मनांत ठाण मांडून बसला होता. चिंचेखालचा तो दुःखी बाप आमच्या त्या विचाराच्या तावडींत सांपडला, एवढेंच. आम्हीं ज्यास देवाचा मान म्हटलें तो आमचा स्वतःचा मान होता.

हें मनाचें कौतुक कांहीं आजचें नव्हे. चौथ्या शतकांत मिसर देशाच्या अरण्यांत राहणारे ख्रिस्ती तपस्वी आपल्या मनावर अहोरात्र पहारा ठेवीत. त्यांपैकीं इव्हॅग्रियस नांवाच्या तपस्व्यानें, जो ३९९ सालीं मृत्यु पावला, मनुष्यास छळणाऱ्या आठ गोष्टींची एक यादी केली. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आळस, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व. ह्यांस त्यानें पाप हें नांव दिलें नाहीं. ‘विचार’ हें नांव दिलें. पुढें जॉन कॅसियन ह्यांनीं ती शिकवण पश्चिमेकडे नेली आणि इसवी सन ५९० ते ६०४ पर्यंत पोपपदावर असलेल्या महान ग्रेगरी ह्यांनीं तिच्यांत फेरफार करून सातांची यादी केली. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत जीं सात मूळ पापें तोंडपाठ करितों त्यांचें घराणें हें असें आहे. म्हणजे त्या जुन्या साधूंस ठाऊक होतें कीं, हात उगारला जातो तो शेवटीं. त्यापूर्वीं मनाच्या दारांत एक विचार येऊन उभा राहिलेला असतो. दारावरच त्याला ओळखिलें, तर पुष्कळ अनर्थ टळतो.

१२७४ सालीं स्वर्गवासी झालेले संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं मनुष्याच्या भावनांची अकरा नांवें सांगितलीं आहेत. प्रेम व द्वेष, इच्छा व तिटकारा, आनंद व दुःख, आशा व निराशा, भीति व धाडस, आणि अकरावा एकटा क्रोध. ह्या भावना मूळांत चांगल्याही नव्हेत व वाईटही नव्हेत. बुद्धि व इच्छाशक्ति त्यांस कोठें नेतात ह्यावर त्यांचें बरेंवाईटपण ठरतें, अशी त्यांची शिकवण आहे. राग आला म्हणजे लागलेंच पाप घडलें असें समजून जे भाविक कष्टी होतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि क्रोधाविषयीं तर त्यांनीं मोठें मर्म सांगितलें आहे. मनुष्यास क्रोध येतो त्याच्या तळाशीं कोणी तरी आपणांस तुच्छ लेखिलें ही जाणीव असते. आपल्या गांवांतल्या कोणत्याही भांडणाची साल काढून पहा; आंत हीच कोय सांपडेल.

विसाव्या शतकांत मनोविकारांचे वैद्यही आपल्या वाटेनें ह्याच ठिकाणाजवळ येऊन पोंचले. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरचे डॉक्टर आरोन बेक ह्यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत असें दाखवून दिलें कीं, घटना आणि भावना ह्यांच्या मध्यें एक झटकन् येऊन जाणारा विचार असतो, आणि तो इतक्या चपळाईनें येतो कीं आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. तो विचार पकडून त्याची पारख करावयास शिकविलें कीं, पुष्कळ रोग्यांचें दुःख हलकें होतें. अरण्यांतील साधु आणि इस्पितळांतील वैद्य ह्यांच्यामध्यें दीड हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. तरी दोघांनींही पहारा ठेवावयास सांगितलें तो एकाच दारावर.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. देव सर्वज्ञ आहे. त्याला कोणास कांहीं विचारण्याची गरज नाहीं. तरीही तो विचारतो, हें तुमच्या ध्यानांत आलें आहे काय? काइनानें भावावर हात टाकण्यापूर्वीं देवानें त्यास विचारिलें कीं, तुला राग कां आला आहे व तुझें तोंड कां उतरलें आहे. त्या प्रश्नाचें उत्तर काइनानें दिलें असतें, ‘माझ्या अर्पणाकडे पाहिलें नाहीं म्हणून मी दुखावलों’ असें तो रडून बोलला असता, तर कदाचित् हाबेल वांचला असता. परंतु त्यानें देवास उत्तर दिलें नाहीं. तो भावाला घेऊन शेतांत गेला. दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. राणीच्या धाकानें तो रानांत पळाला, एका झुडुपाखालीं बसला आणि मरण मागूं लागला. देवानें त्यास भित्रा म्हटलें नाहीं. देवदूताकरवीं प्रथम भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, पुन्हां उठवून खाऊं घातलें, आणि पर्वतावर पोंचल्यावरच विचारिलें कीं, तूं येथें काय करीत आहेस. त्याच्या निराशेच्या खालीं भूक होती, थकवा होता, एकटेपणा होता, हें देवानें ओळखिलें. आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील थोरला भाऊ आठवा. तो घराबाहेर फुगून उभा राहिला, तेव्हां बाप स्वतः उठून बाहेर आला. आम्ही चिंचेकडे उठून गेलों असतों, तर त्या बापाचें अनुकरण आमच्या हातून घडलें असतें.

कोणी म्हणेल, हीं दूरच्या देशांचीं उदाहरणें झालीं. तर आपल्या वसईकडे पाहूं. येशुसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथास १५४८ सालीं पोपमहाशयांची मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षीं त्यांचे जिवलग सोबती संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय वसईच्या मातीला लागले. पुढें येशुसंघाची शाळा येथें चालली. त्यांच्या देवालयाचा दर्शनी भाग किल्ल्यांत आजही उभा आहे. त्या ग्रंथांत इग्नेशियस दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी कीं, मनुष्यानें दररोज दुपारीं व रात्रीं आपल्या मनाचा हिशेब पाहावा. आणि दुसरी, जी पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं, ती अशी कीं, दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ घेण्यास ख्रिस्ती माणसानें तत्पर असावें. तसा अर्थ लागत नसेल तर ‘ह्यांतून तुला काय म्हणावयाचें आहे?’ असें त्यालाच विचारावें. आणि त्याची खरोखर चूक असेल तर ती प्रेमानें सुधारावी. पहा, येथेंही विचारणें हें सुधारण्याच्या आधीं ठेविलें आहे. आम्हीं चिंचेच्या बाबतींत शेवटच्या पायरीवरून आरंभ केला, तोही प्रेमावांचून.

ह्याच वसईंत सुमारें १५५६-५७ च्या सुमारास आपला संत गोन्सालो गार्सिया जन्मला. येशुसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखालीं तो येथें शिकला आणि कोवळ्या वयांत त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथें त्यानें वर्षानुवर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. त्या संघांत आपणांस घ्यावें ही त्याची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. ज्यांच्यासाठीं इतकीं वर्षें झिजलों त्यांनींच दार उघडलें नाहीं, हें दुःख लहान नव्हे. अशा वेळीं दुःखाचा अपमान होतो, अपमानाचा राग होतो, आणि माणूस देवळाचीच वाट सोडितो. असे लोक तुमच्याआमच्या ओळखीचे आहेत. गोन्सालोनें कांहीं काळ व्यापार केला, परंतु मनांतली मूळ ओढ त्यानें ओळखिली. ती ओढ एखाद्या संघाच्या नांवाची नव्हती. देवाच्या सेवेची होती. तो मनिलास गेला आणि तेथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाला.

१५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्या शिष्टमंडळाबरोबर तो पुन्हां जपानांत आला, तो दुभाष्या म्हणून. दुभाष्याचें काम केवळ शब्दाला शब्द देण्याचें नसतें. बोलणाऱ्याच्या मनांत काय आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनांत त्या शब्दानें काय होईल, हीं दोन्ही ज्यास कळतात तोच खरा दुभाष्या. हिदेयोशीसारख्या बलाढ्य सत्ताधीशापुढें वसईचा हा पुत्र दोन मनांच्या मध्यें उभा राहिला. पुढें १५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्या गलबताच्या सुकाणूदारानें अशी फुशारकी मारिली, असें सांगतात, कीं आमचा राजा आधीं धर्मोपदेशक पाठवितो आणि मागून सैन्य. हें हिदेयोशीच्या कानीं गेलें. राज्य जाण्याची भीति त्याच्या मनांत शिरली आणि क्रोधाचें रूप घेऊन बाहेर पडली. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें गोन्सालो व त्याचे पंचवीस सोबती क्रुसावर मारिले गेले. त्यांत कोवळीं मुलेंही होतीं. त्यांपैकीं जपानी येशुसंघीय पौल मिकी ह्यांनीं क्रुसावरूनच आपणांस मारणाऱ्यांस क्षमा केली. १८६२ च्या जूनच्या ८ तारखेस पोप नववे पायस ह्यांनीं ह्या सव्वीस जणांस संतपद दिलें.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. हिदेयोशीच्या क्रोधामागें भीति होती, हें आपणांस समजूं शकतें. म्हणून तें कृत्य योग्य ठरत नाहीं. कारण समजणें निराळें आणि समर्थन करणें निराळें. एखादा नवरा दारू पिऊन बायकोवर हात टाकतो. त्याच्या मनांत अपयशाची लाज असेल, कर्जाची धास्ती असेल; तें समजून घेण्यास आम्ही आहों, डॉक्टर आहेत, दारू सोडलेल्या बंधूंच्या सभा आहेत. परंतु त्या माउलीनें ‘त्यांचें मन समजून’ मार खात राहावें, असें आम्ही कदापि सांगणार नाहीं, आणि कोणीं आमच्या नांवावर सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवूं नका. तिनें मुलांसह सुरक्षित ठिकाणीं जावें, मदत मागावी. समजून घेणें ही क्षमेची पहिली पायरी असेल; तो अन्यायाचा परवाना मात्र नव्हे.

आतां आपल्या वाडींत येऊं. पापनिवेदनांत ऐकलेलें आम्ही येथें बोलत नाहीं आणि कधींच बोलूं शकत नाहीं. जें आम्ही चारचौघांत पाहिलें तेवढेंच सांगतों. वसईची जमीन जोंवर केळी, भात, फुलें आणि पानवेल देत होती, तोंवर वीतभर मातीसाठीं भाऊ भावाचें तोंड पाहीनासा होण्याचे प्रसंग मोजके होते. गेल्या चाळीस वर्षांत इमारती आल्या, जमिनीस सोन्याचा भाव आला आणि वांटणीचे दावे वाढले. दोन भावांचें असेंच एका विहिरीवरून बिनसलें होतें. थोरला म्हणे, बाकीचें सर्व घे, विहीर माझी. विहिरीस पाणी जेमतेम. रहाट तर केव्हांच मोडून पडला होता. धाकट्यास वाटे, हा केवळ मला अडविण्यासाठीं हट्ट करितो. नऊ वर्षें दोघे एकमेकांशीं बोलले नाहींत. मिस्सेंत शांतीची खूण करण्याची वेळ आली कीं, एक जण बूट बांधावयास वांके.

एकदां थोरल्यापाशीं बसलों असतां आम्हीं सहज विचारिलें, “त्या विहिरींत तुमचें काय आहे?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “बाबांनीं आणि मीं ती दोघांनीं खणली. मी चौदा वर्षांचा होतों. शाळा सोडून खणली. ह्याला मग शाळेंत घातलें. बाबा शेवटच्या दुखण्यांत ह्याचेंच नांव घेत होते.” नऊ वर्षांच्या दाव्याच्या तळाशीं हें होतें. पाणी नव्हे, जमीनही नव्हे. बापानें आपणांस ओळखिलें नाहीं हें लेकराचें दुःख होतें, आणि तें लेकरूं आतां साठीच्या घरांत आलें होतें. त्यांच्या अनुमतीनें आम्हीं हें धाकट्याच्या कानांवर घातलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “शाळा त्यांनीं माझ्यासाठीं सोडली, हें मला कोणीं सांगितलेंच नाहीं.” दावा लगेच मिटला असें आम्ही सांगणार नाहीं, तो पुढेंही पुष्कळ दिवस चालला. परंतु त्या वर्षीं नातवाच्या बाप्तिस्म्याचें बोलावणें थोरल्यानें स्वतःच्या पायांनीं धाकट्याच्या घरीं नेलें, आणि धाकटा आला.

अशा विहिरी प्रत्येक घरांत आहेत. सूनबाई पहांटे घर सोडतात, विरार लोकलच्या गर्दींत उभ्यानें जातात, रात्रीं नऊला परत येतात आणि धड बोलत नाहींत. सासूबाई म्हणतात, शिकली म्हणून माजली. त्या सासूबाईंनीं तरुणपणीं भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईचा बाजार गांठलेला असतो. थकवा म्हणजे काय हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? सूनबाईही म्हणतात, ह्यांना माझ्या हातचें कांहींच आवडत नाहीं. तिच्या मनांत येत नाहीं कीं, चाळीस वर्षें जिच्या हातीं चूल होती तिला आतां ‘माझी कोणास गरज उरली नाहीं’ असें वाटत असेल. मुलगा दहावींत कमी गुण मिळवून मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसतो. बाप म्हणतो, आळशी. कदाचित् तो आळशी असेलही. पण कदाचित् बापाच्या नजरेंतून उतरल्याच्या भीतीनें तो मान वर करीत नसेल. आम्ही ‘कदाचित्’ हा शब्द मुद्दाम योजितों. दुसऱ्याच्या मनाविषयीं चांगला तर्क करणें हें वाईट तर्क करण्यापेक्षां बरें. परंतु तोही तर्कच. मनुष्याचें अंतःकरण देवास उघडें असतें, आपणांस तें विचारूनच कळतें. म्हणून तर्क करीत बसूं नका, जाऊन विचारा. आणि विचारतांना वकिलासारखें विचारूं नका. दुखणाइताच्या उशाशीं बसून विचारतात तसें विचारा.

कित्येकदां मात्र दुःख इतकें खोल असतें कीं विचारपुशीनें तें हटत नाहीं. तो आजार असतो. एलीयास प्रथम भाकर लागली, तसें अशा माणसास प्रथम डॉक्टर लागतो. ह्या बाबतींत आपल्या धर्मसभेनेंही कालांतरानें अधिक समजून घेतलें आहे, हें नम्रपणें सांगितलें पाहिजे. १९१७ च्या धर्मसंहितेंत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. १९८३ च्या संहितेंत त्यांचा तसा उल्लेख राहिला नाहीं. आणि १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, तीव्र मानसिक व्यथा किंवा भय ह्यांमुळें अशा मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि त्याच्या तारणाविषयीं आपण आशा सोडूं नये. आपल्या देशानेंही २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, जीव देऊं पाहणारा मनुष्य भारी ताणाखालीं होता असें समजून त्यास शिक्षेऐवजीं शुश्रूषा मिळावी. ज्या घरांवर असा प्रसंग गुदरला आहे, त्यांच्याविषयीं आपण विहिरीवर, गाडींत, लग्नाच्या मांडवांत काय कुजबुजतों, ह्याची आज ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं चौकशी करावी. त्या घरांस आपल्या निदानाची गरज नाहीं; शेजारीं येऊन बसणाऱ्या माणसाची गरज आहे.

आतां घरीं नेण्यासारखें थोडें सांगून भाषण पुरें करितों. आपल्या घरांत संध्याकाळीं रोझरी म्हणण्याची व ती संपल्यावर लहानांनीं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मागण्याची रीत आहे. ती जेथें मोडली असेल तेथें ह्या महोत्सवापासून पुन्हां सुरू करावी. आणि रोझरीनंतर दोन मिनिटें दिवा मंद करून प्रत्येकानें आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे. आज मी कोणाशीं कठोर वागलों? त्या वेळीं माझ्या मनांत राग होता, भीति होती, कीं दुःख होतें? आणि त्या भावनेच्या आधीं कोणता विचार येऊन गेला? उत्तर लगेच मिळणार नाहीं. आम्हांसही मिळत नाहीं. परंतु रोज विहीर उपसली म्हणजे तळ दिसूं लागतो.

आणि दुसऱ्याविषयीं एकच नेम धरावा. ‘तो असाच आहे’ हें वाक्य तोंडावर आलें कीं तें गिळावें, आणि त्याच्या जागीं ‘त्याला काय झालें असेल?’ असें म्हणावें. मग पायांत चपला घालून त्याच्या घरीं जावें. आपल्या प्रभूनें क्रुसावरून मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागतांना त्यांच्या अज्ञानाकडे पित्याचें लक्ष वेधिलें. खिळे ठोकणाऱ्यांच्या मनाची बाजू मांडावयास जो आपल्या वेदनेंतही विसरला नाहीं, त्याचे आपण शिष्य आहों. शेजाऱ्याच्या मनाची बाजू ऐकावयास तरी आपण उंबरा ओलांडावा.

त्या चिंचेखालच्या गृहस्थांचें पुढें काय झालें, असें तुम्ही विचाराल. ते पुन्हां येऊं लागले. आंत नव्हे, चिंचेखालींच. आम्हीं त्यांस आंत येण्याचा आग्रह केला नाहीं. ख्रिस्तशरीर देण्याची वेळ झाली कीं आम्हीं स्वतः वेदी सोडून बाहेर झाडापर्यंत जाण्याचा क्रम ठेविला. तीन वर्षांनीं आमची बदली झाली. निरोपाच्या मिस्सेला आम्ही वेदीपाशीं उभे असतां वर पाहिलें, तो ते शेवटच्या बाकापाशीं, दाराच्या अगदीं आंतल्या बाजूस उभे होते. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. तेही बोलले नाहींत.

ह्या महोत्सवांत आपल्याही देवळाच्या दाराबाहेर कोणी तरी उभें असेल. त्यास हंसण्यापूर्वीं, त्यावर रागावण्यापूर्वीं, आपल्यापैकीं कोणी तरी उठून बाहेर जावें. पवित्र आत्मा आपणांस स्वतःचें मन पाहण्याचें धैर्य देवो, आणि आपल्या वसईच्या त्या दुभाष्या संताच्या मध्यस्थीनें एकमेकांचें मन ऐकण्याची प्रीति देवो.

आमेन.